मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर ‘डेन्सिटी सी, बायरॅड्स ०’ आलंय. आता थ्री-डी, सोनोग्राफी की एमआरआय?

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडमधल्या एका ताईंचं वय ४३. आईला ५१व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता, उपचार झाले, आई आज बरी आहे. ताईंना स्वतःला गाठ लागत नाही, दुखत नाही, स्राव नाही. आयुष्यातली पहिली मॅमोग्राफी केली आणि रिपोर्टवर आलं: ‘डेन्सिटी सी, डाव्या बाजूला वरच्या बाहेरच्या भागात फोकल असिमेट्री, बायरॅड्स ०, पुढील तपासणी आवश्यक.’ एक सेंटर म्हणतं थ्री-डी करा. दुसरं म्हणतं सरळ एमआरआयच करा, एआय रिपोर्ट मोफत. शिवाय सोसायटीत रविवारी ‘रेडिएशन नाही, दाब नाही’ अशा थर्मल तपासणीचं शिबिर आहे. यातलं काय करायचं?

ताई, आधी सरळ उत्तर. डाव्या बाजूची टोमोसिंथेसिस करा. सेंटरवाले जिला थ्री-डी म्हणतात तीच ही. ती सोय नसेल तर तेवढ्याच जागेवर छोटी पट्टी दाबून घेतलेले स्पॉट कॉम्प्रेशनचे फोटो चालतील. आणि त्याच भेटीत, तेच फोटो समोर ठेवून, त्या जागेची सोनोग्राफी. एमआरआय आत्ता नको. शिबिर तर नकोच. हे सगळं आठ-पंधरा दिवसांत उरकावं. आज रात्रीच धावायला हवं असं काही नाही, पण ‘दिवाळी होऊ दे, मग बघू’ हेही नको.

बायरॅड्स म्हणजे रिपोर्टचा निष्कर्ष आकड्यात सांगायची पद्धत. त्यातल्या ० या आकड्याने अनेकींची झोप उडते. ० म्हणजे कर्करोग नव्हे, आणि ‘काही नाही’ असंही नव्हे. निकाल अजून लागलेला नाही, एवढंच तो सांगतो. निकालाचे आकडे पुढे सुरू होतात. १ आणि २ म्हणजे निर्धास्त. ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांनी पुन्हा फोटो. ४ ला बायोप्सी लागते: ४ए मध्ये शक्यता २ ते १० टक्के, ४बी मध्ये १० ते ५०, ४सी मध्ये ५० ते ९५. त्यापुढे ५. तुमच्या डॉक्टरांनी ० दिला हे नियमाला धरूनच झालं. नेहमीच्या चार फोटोंवरच थेट ३ देऊन ‘सहा महिन्यांनी या’ म्हणणं ही चूक सर्रास दिसते. जागेची नीट तपासणी पुरी झाल्याशिवाय ३ देता येत नाही. अमेरिकेत तपासणीला आलेल्या १०० जणींपैकी साधारण १० जणींना असं परत बोलावलं जातं आणि त्यातल्या बहुतेकींमध्ये काहीही निघत नाही. पहिल्या मॅमोग्राफीत हे प्रमाण जास्तच असतं, कारण तुलना करायला जुने फोटो नसतात. फोकल असिमेट्री म्हणजे दोन्ही कोनांतल्या फोटोंत दिसणारा, ठळक कडा नसलेला आणि उजव्या बाजूला जोडीदार नसलेला पांढरा भाग. बऱ्याचदा ते नुसतं ग्रंथींचं बेट असतं.

आता डेन्सिटी. पुढचं सगळं तिच्यावरच ठरतं. मॅमोग्राफीत २५ ते ३२ किलोव्होल्टचा मवाळ एक्स-रे वापरतात. चरबीतून तो आरपार जातो, म्हणून चरबी काळी दिसते. ग्रंथी आणि तंतू पांढरे दिसतात, आणि गाठही पांढरीच. ए म्हणजे जवळपास सगळी चरबी, बी म्हणजे विखुरलेल्या ग्रंथी, सी म्हणजे बराच भाग ग्रंथींचा, डी म्हणजे जवळजवळ सगळा पांढरा. सी आणि डी मिळून ‘डेन्स’. डेन्सिटी फक्त फोटोवरूनच समजते. स्तन हाताला घट्ट किंवा मऊ लागण्याशी तिचा संबंध नाही. तिचे परिणाम दोन: लहान गाठ झाकली जाते, आणि कर्करोगाचा धोकाही थोडा वाढतो. म्हणून अमेरिकेत १० सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक मॅमोग्राफी केंद्राला स्त्रीला तिची डेन्सिटी लेखी कळवणं बंधनकारक आहे. आपल्याकडे रिपोर्टवर तिचा साधा उल्लेखही नसलेले कागद येतात. तसं असेल तर मागून घ्या. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार होतो आणि ९८ हजारांहून अधिक दगावतात. त्यात पाश्चात्य देशांच्या मानाने आपल्याकडच्या रुग्णांचं वय जवळपास दहा वर्षांनी कमी असतं. वय कमी म्हणजे ग्रंथी जास्त, म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे अधिकच टोकदार.

यंत्रांकडे वळण्याआधी फोटो कसा घेतला गेला हे बघायला हवं, कारण महागड्या यंत्रावर वाईट फोटो निघालेले रोज दिसतात. प्रत्येक बाजूचे दोन फोटो असतात. एक वरून खाली, सीसी. दुसरा तिरका, एमएलओ. तिरक्या फोटोत छातीचा स्नायू पांढऱ्या त्रिकोणासारखा दिसतो. तो खाली निदान स्तनाग्राच्या पातळीपर्यंत पोचलेला हवा. तो वरच तुटलेला असेल तर मागचा भाग फोटोत आलाच नाही असं समजायचं. स्तनाखालची घडी उघडी दिसायला हवी, कातडीच्या सुरकुत्या नकोत. स्तनाग्रापासून स्नायूपर्यंत सरळ रेषा मोजली की दोन्ही फोटोंतल्या रेषांच्या लांबीत १ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक नसावा. जास्त असेल तर सीसीमध्ये मागचा भाग सुटलाय. तुमची असिमेट्री वरच्या बाहेरच्या भागात आहे. तिथून ग्रंथींचं शेपूट काखेकडे जातं आणि घाईत घेतलेल्या सीसीमध्ये नेमकं तेच कापलं जातं.

दाबाबद्दल तक्रार सगळ्याच करतात आणि ती खरी आहे. पण दाब १० ते २० किलोच्या दरम्यान असतो तो उगाच नाही. जाडी कमी झाली की एकावर एक आलेले थर पसरतात, विखुरलेला एक्स-रे कमी होतो, डोस कमी लागतो आणि हालचालीने फोटो हलत नाही. ‘नाजूक आहे म्हणून कमी दाबलं’ ही टेक्निशियनची दया शेवटी बाईलाच नडते. पाळी संपल्यावरच्या आठवड्यात तारीख घेतली तर त्रास बराच कमी होतो. त्या दिवशी काखेत डिओडरंट किंवा टाल्कम पावडर नको. त्यातले कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे, म्हणजे कधीकधी कर्करोगाची खूण असणाऱ्या बारीक ठिपक्यांसारखे, दिसतात आणि नसती शंका उभी राहते. मंगळसूत्र काढून ठेवावं लागतं, कमरेच्या वरचे कपडेही, म्हणून दोन भागांचा पोशाख बरा. रेडिएशनची धास्ती असेल तर चार फोटोंचा एकूण डोस सुमारे ०.४ मिलीसीव्हर्ट. निसर्गातून आपल्याला साधारण सात आठवड्यांत तेवढा मिळतोच.

दुसरी गोष्ट ‘डिजिटल’ या पाटीची. आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींना ती लावतात. एक म्हणजे सीआर: जुन्याच यंत्रात फिल्मऐवजी फॉस्फरची कॅसेट घालायची आणि नंतर ती वेगळ्या वाचकयंत्रात वाचायची. दुसरी म्हणजे डीआर: यंत्रातच बसवलेला फ्लॅट पॅनल डिटेक्टर, सेलेनियमचा किंवा सीझियम आयोडाइडचा. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या डीमिस्ट अभ्यासात ४९,५२८ स्त्रियांमध्ये फिल्म आणि डिजिटल यांची तुलना झाली, आणि पन्नाशीच्या आतल्या व डेन्स स्तनांच्या स्त्रियांमध्ये डिजिटल सरस ठरली. पण हा निकाल सीआरला सरसकट लावता येत नाही. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताच्या तपासणी कार्यक्रमाचे आकडे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दर हजारी कर्करोग सापडण्याचं प्रमाण डीआरमध्ये ४.९, साध्या फिल्ममध्ये ४.८ आणि सीआरमध्ये ३.४. म्हणजे सीआर जुन्या फिल्मपेक्षाही मागे. कॅल्शियमचे बारीक ठिपके मिलीमीटरच्या काही दशांशाएवढे असतात; वाचताना प्रकाश पसरला की ते पुसट होतात. त्यामुळे तारीख घेतानाच फोनवर विचारा: ‘फ्लॅट पॅनल आहे का कॅसेट?’ कॅसेट असेल तर दुसरं सेंटर बघा. पुण्यात पर्याय आहेत; भोर-वेल्ह्याकडच्या ताईंना मात्र त्यासाठी शहरात यावं लागेल, आणि ती फेरी वाया जात नाही. सेंटरकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे एईआरबीचा, परवाना असतो. तो भिंतीवर लावलेला दिसायला हवा.

आता टोमोसिंथेसिस. साध्या मॅमोग्राफीत चार-पाच सेंटीमीटर जाडीचे सगळे थर एकाच फोटोत एकमेकांवर पडतात. दोन जाळीचे पडदे एकावर एक धरले की कुठल्याच पडद्यावर नसलेली तिसरी नक्षी दिसते, तसं इथे होतं: नुसत्या ग्रंथी एकमेकींवर येऊन गाठीचा भास होतो, किंवा खरी गाठ त्या गर्दीत हरवते. टोमोसिंथेसिसमध्ये एक्स-रेची नळी कमानीत फिरत अनेक कमी डोसचे फोटो घेते आणि संगणक त्यांतून १ मिलीमीटर अंतरावरचे थर उभे करतो. कमान यंत्रागणिक बदलते: एका कंपनीची १५ अंश आणि १५ फोटो, दुसरीची २५ अंश आणि ९ फोटो, तिसरीची ५० अंश आणि २५ फोटो. कोन रुंद असेल तर थर एकमेकांपासून चांगले सुटे होतात, पण वेळ जास्त लागतो. अरुंद कोनाचं यंत्र ४ सेकंदांच्या आत काम संपवतं, रुंद कोनाच्या जुन्या यंत्राला २० सेकंदांहून जास्त लागतात, आणि तेवढ्यात श्वास किंवा खांदा हलला की बारीक ठिपके रेषांसारखे ओढले जातात. म्हणून टेक्निशियनने ‘श्वास थांबवा’ म्हटलं की खरोखर थांबवायचा.

अमेरिकेत २०११ मध्ये या तंत्राला मान्यता मिळाली. २०१४ साली तिथल्या १३ केंद्रांतल्या साडेचार लाखांहून अधिक तपासण्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. आक्रमक, म्हणजे मूळ जागेबाहेर पसरू लागलेला, कर्करोग सापडण्याचं प्रमाण दर हजारी २.९ वरून ४.१ वर गेलं आणि परत बोलावण्याचं १०७ वरून ९१ वर आलं. जास्त सापडणं आणि कमी घाबरवणं, दोन्ही एकाच वेळी. स्तनांच्या तपासणीत असं क्वचित जमतं. तुमच्यासारख्या असिमेट्रीत तर हे तंत्र सर्वांत उपयोगी: थर सुटले की ग्रंथी असतील तर विरघळून जातात, गाठ असेल तर कडा पुढे येतात. पण मर्यादा ध्यानात ठेवा. डी डेन्सिटीत, जिथे थरांमध्येही चरबीच नाही, तिथे फायदा फारसा दिसत नाही. कॅल्शियमच्या ठिपक्यांचा पुंजका वेगवेगळ्या थरांत विखुरला जातो, म्हणून मोठे करून घेतलेले मॅग्निफिकेशन फोटो अजूनही लागतात. आणि दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उपटणारे कर्करोग याने कमी होतात का, याचं पक्कं उत्तर अजून हाती नाही. टीमिस्ट हा मोठा अभ्यास पुढच्या टप्प्यातले कर्करोग याने कमी होतात का, हे तपासतो आहे. बुकिंग करताना आणखी एक विचारा: साधा फोटो वेगळा घेणार की थरांतूनच संगणकाने बनवणार? संगणकाने बनवला तर डोस जवळपास निम्म्यावर येतो.

सोनोग्राफी रेडिएशनशिवाय होते, आणि डेन्स स्तनात ती पांढऱ्यातून काळं काढून दाखवते: ग्रंथी पांढरट, गाठ बहुधा काळी. जपानच्या जे-स्टार्ट अभ्यासात ४० ते ४९ वयाच्या ७२,९९८ स्त्रिया होत्या, म्हणजे अगदी तुमचा वयोगट आणि आशियाई स्तन. मॅमोग्राफीसोबत सोनोग्राफी केल्यावर कर्करोग पकडण्याची क्षमता ७७ वरून ९१ टक्क्यांवर गेली. पण निरोगी स्त्रीला निरोगी म्हणण्याची क्षमता ९१.४ वरून ८७.७ वर घसरली. याचा अर्थ जास्त सुया, जास्त सहामाही फेऱ्या. ही किंमत माहीत असून करायची तपासणी आहे. चांगल्या रिपोर्टमध्ये गाठीची जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे आणि स्तनाग्रापासूनच्या अंतराने लिहिलेली असते, ‘दोन वाजता, ५ सेंटीमीटरवर’ अशी. आणि काखेतल्या गाठींबद्दल वेगळी ओळ असते. नुसतं ‘फायब्रोअ‍ॅडिनोसिस’ (स्तनातल्या साध्या बदलांचं ढोबळ नाव) लिहिलेला दोन ओळींचा कागद घेऊन परत येऊ नका. मॅमोग्राफीत जे दिसलं तेच सोनोग्राफीत सापडलं का, हे वाक्य त्या कागदावर हवंच.

स्वयंचलित सोनोग्राफी, म्हणजे एबस, यात साधारण १५ सेंटीमीटर रुंद प्रोब आपोआप सरकतो आणि प्रत्येक बाजूचे तीन फेरे होतात. चित्र ऑपरेटरच्या हातावर अवलंबून राहत नाही, हा मोठा फायदा. काख मात्र त्यात येत नाही, स्तनाग्रामागे सावली पडते, आणि काही दिसलं तर हाताची सोनोग्राफी पुन्हा करावीच लागते. तुमच्यासारखी नेमकी जागा ठाऊक असताना एबसचा उपयोग नाही. शिबिरांत सोनोग्राफी का नसते असंही लोक विचारतात. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे प्रत्येक यंत्र ठरलेल्या जागेवर नोंदलेलं असतं, ते वाटेल तिथे उचलून नेता येत नाही.

इथवरच्या सगळ्या तपासण्या स्तनाची रचना बघतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांतली खरी झेप मात्र रक्तपुरवठा बघणाऱ्या तपासण्यांत झाली. कर्करोग वाढताना स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करतो. त्या गळक्या असतात, शिरेतून दिलेलं औषध तिथे पटकन साचतं आणि डेन्सिटी कितीही असो, जागा उजळते. नेदरलँड्समधल्या डेन्स अभ्यासात डी डेन्सिटी असलेल्या ५० ते ७५ वयाच्या ४०,३७३ स्त्रिया होत्या. मॅमोग्राफी नॉर्मल आल्यावर एका गटाला एमआरआयचं निमंत्रण दिलं. मधल्या काळात उपटणारे कर्करोग दर हजारी ५ वरून २.५ वर आले, आणि ज्यांनी प्रत्यक्ष एमआरआय केला त्यांच्यात तर ०.८. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि डेन्सिटीच्या चर्चेचा रोखच बदलला.

मग तुम्हाला एमआरआय आत्ता का नको? कारण तुमच्यासमोर एका विशिष्ट जागेचा प्रश्न आहे आणि तो स्वस्तात, त्याच दिवशी सुटतो. एमआरआय संवेदनशील असल्यामुळे दोन-तीन निरुपद्रवी जागाही उजळवील आणि एकाऐवजी चार प्रश्न घेऊन तुम्ही बाहेर पडाल. त्यातली एखादी जागा फक्त एमआरआयवरच दिसली तर तिची बायोप्सीही एमआरआयच्या मार्गदर्शनाखालीच करावी लागते, आणि ती सोय मोजक्याच ठिकाणी असते. एमआरआयची शिफारस करणाऱ्या सेंटरला हा प्रश्न आधी विचारा: ‘काही दिसलं तर बायोप्सी तुम्हीच कराल का?’ पुढे कधी करायची वेळ आली तर पाळीच्या ७ ते १४ या दिवसांत करा, एरवी निरोगी ग्रंथीही उजळतात. स्तनासाठीची वेगळी कॉइल, म्हणजे स्तन ज्यात बसतात तो यंत्राचा खास भाग, हवी आणि पालथं झोपून व्हायला हवी. उताणं झोपवून केलेला ‘छातीचा एमआरआय’ या कामाचा नाही. गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयचं शिरेतून द्यायचं औषध, देण्याआधी क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी बघतात. गरोदरपणात ते देत नाहीत. पूर्ण तपासणीला २०-३० मिनिटं लागतात, पण जर्मनीत २०१४ मध्ये ३ मिनिटांत फोटो घेणारी आटोपशीर पद्धत पुढे आली आणि अनेक ठिकाणी ती रुळली.

याच तत्त्वावर चालणारी आणि आपल्या परिस्थितीला अधिक परवडणारी तपासणी म्हणजे कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफी. सीटी स्कॅनला देतात तेच आयोडीनचं औषध, वजनाच्या किलोमागे साधारण १.५ मिलिलिटर, यंत्राने हाताच्या शिरेत सोडतात. दोनेक मिनिटं थांबून नेहमीचेच चार फोटो घेतात, पण प्रत्येक कोनात दोन वेगळ्या ऊर्जांवर. आयोडीन ३३.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर एक्स-रे एकदम जास्त शोषतं. एक फोटो त्याखालचा, एक त्यावरचा, आणि दोघांची वजाबाकी केली की ग्रंथी पुसल्या जातात, आयोडीन साचलेली जागा उरते. सात-आठ मिनिटांत सगळं आटोपतं. ब्रिटनमधल्या ब्रेड अभ्यासाचे निकाल २०२५ मध्ये आले: डेन्स स्तन आणि नॉर्मल मॅमोग्राफी असलेल्या ९,३६१ स्त्रिया. जास्तीचे कर्करोग दर हजारी आटोपशीर एमआरआयने १७.४, कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफीने १९.२ आणि एबसने ४.२ सापडले. हा फरक डोळ्यांत भरणारा आहे. माझं स्पष्ट मत आहे की पुण्यासारख्या शहरात पुढचा पैसा आणखी एका एमआरआयपेक्षा असलेल्या मॅमोग्राफी यंत्रांना ही जोड देण्यात घालावा. मात्र आयोडीनची अ‍ॅलर्जी क्वचित जिवावर बेतू शकते, म्हणून खोलीत अ‍ॅड्रेनालिन आणि ते देता येणारी व्यक्ती हवी. डोसही साध्या मॅमोग्राफीपेक्षा जास्त असतो. दमा, आधीची अ‍ॅलर्जी, किडनीचा आजार हे आधी सांगा.

एआयबद्दल. मॅमोग्राफी वाचणारं सॉफ्टवेअर नवं नाही. अमेरिकेत १९९८ पासून ते होतं, आणि २००७ च्या मोठ्या अभ्यासात त्याने अचूकता वाढण्याऐवजी कमीच केली. आताची पिढी खरोखर वेगळी आहे. स्वीडनच्या मासाई अभ्यासात ८०,०३३ स्त्रियांच्या पहिल्या हिशेबात एआयच्या मदतीने दर हजारी ६.१ कर्करोग सापडले, नेहमीच्या पद्धतीने ५.१, आणि वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी घटलं. पण तिथे प्रत्येक मॅमोग्राफी दोन डॉक्टर वाचतात, आणि घटलं ते त्या दुसऱ्या डॉक्टरचं काम. आपल्याकडे मुळात एकच डॉक्टर वाचतो. तेव्हा एआयचा इथला खरा उपयोग दुसरी नजर म्हणून आहे, एकुलत्या एका नजरेच्या जागी नाही. तुमची आई, तुमची लक्षणं, हाताला लागणारी गाठ यांचा विचार हे सॉफ्टवेअर सहसा करत नाही. मोफत एआय रिपोर्टच्या खाली सही कोणाची आहे ते बघा.

थर्मल तपासणी त्वचेचं तापमान मोजते. अमेरिकेच्या एफडीएने वारंवार बजावलं आहे की ती मॅमोग्राफीला पर्याय नाही. तुमच्या हातात बायरॅड्स ० असताना ‘थर्मल नॉर्मल’ असा कागद मिळाला तर तो फक्त तपासणी लांबवील. शिबिर घेणाऱ्यांना खरोखर काही करायचं असेल तर प्रशिक्षित परिचारिकेकडून हाताने तपासणी हा पुराव्याचा मार्ग आहे. मुंबईत टाटा मेमोरियलने १,५१,५३८ स्त्रियांवर केलेल्या वीस वर्षांच्या अभ्यासात, दोन वर्षांनी एकदा अशी तपासणी केल्यावर पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तेवढा फायदा दिसला नाही. मॅमोग्राफीची व्हॅन आणायची असेल तर रात्री एसी बंद करू नका. सेलेनियमचा डिटेक्टर यंत्र बंद असतानाही उष्णतेने खराब होतो, आणि एप्रिल-मेमधल्या पुण्यात बंद गाडी दुपारभर उन्हात उभी ठेवणं त्याला पुरेसं आहे. गाडी हलवल्यावर फँटमचा, म्हणजे यंत्र तपासायच्या ठोकळ्याचा, फोटो घेऊन मगच पहिली बाई आत घ्यायची.

समजा, टोमोसिंथेसिस आणि सोनोग्राफीत खरंच काही निघालं. मग बायोप्सी, आणि तीही कोअर बायोप्सीच. बारीक सुईने पेशी ओढण्याची एफएनएसी स्वस्त आणि झटपट, पण त्यात फक्त पेशी मिळतात. कर्करोग दुधाच्या नलिकेतच आहे की बाहेर पसरला, हे त्यातून कळत नाही. कोअरमध्ये जागा बधिर करून सोनोग्राफीत बघत १४ गेजच्या सुईने चार-पाच तुकडे घेतात. टाके नाहीत, दहा मिनिटं दाबून धरायचं, त्याच दिवशी घरी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. नुसते कॅल्शियमचे ठिपके असतील तर मॅमोग्राफीच्याच मार्गदर्शनाने व्हॅक्युम बायोप्सी करतात आणि काढलेल्या तुकड्यांचा एक्स-रे घेऊन ठिपके खरोखर आत आलेत का ते तिथल्या तिथे बघतात. तो एक्स-रे घेतला नाही तर रिपोर्टवर भरवसा ठेवू नका. तुकडे तासाभराच्या आत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये जायला हवेत, सलाइनमध्ये नव्हे, आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवेत. जोडून सुट्ट्या आल्या की डबी लॅबच्या टेबलावर चार-चार दिवस पडून राहते आणि ईआर, पीआर, हर-टू या कर्करोगाच्या पेशींमधल्या खुणांचे निकाल बिघडतात. ज्यावर उपचार ठरतात ते हेच. म्हणून शुक्रवारी बायोप्सी असेल तर लॅब कधी उघडी आहे हे विचारून घ्या.

‘आधी गाठ काढू, मग बघू’ हे ऐकलं की दुसरं मत घ्या. निदानाआधी केलेल्या घाईच्या ऑपरेशनने पुढचं नियोजन विस्कटतं. आपल्याकडे क्षयाची गाठ आणि ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस (स्तनाचा एक प्रकारचा दाह) हे दोन आजार एक्स-रेत आणि सोनोग्राफीत हुबेहूब कर्करोगासारखे दिसतात आणि दोन्हींवर मुख्य उपचार औषधांचा. उलट फोटोत ४सी किंवा ५ आणि बायोप्सीत ‘साधी गाठ’ असं आलं तर दोन्ही डॉक्टरांनी एकत्र बसून ते जुळवायला हवं. जुळत नसेल तर बायोप्सी पुन्हा.

आईचा मुद्दा वेगळा आणि महत्त्वाचा. घरात एखादीला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी तपासणी सुरू करतात; तुमची सुरुवात ४१ ला व्हायला हवी होती, म्हणजे फार उशीर नाही. बीआरसीए जनुकाची (त्यातल्या दोषाने हा कर्करोग घराण्यात चालत येतो) तपासणी करायची असेल तर ती आधी आईची करा, तुमची नंतर. आईमध्ये दोष सापडला तर तुमच्यात नेमका तोच शोधता येतो आणि नसला तर निर्धास्त होता येतं. आधी तुमचीच केली आणि निगेटिव्ह आली तर त्यातून ठाम काही कळत नाही. आईची जुनी बायोप्सीची फाइल काढा. त्यात ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह असतील, किंवा आजी, मावशी, मामेबहिणीपैकी कोणाला स्तनाचा वा बीजांडकोशाचा कर्करोग असेल, तर तपासणी नक्की करा. दोष निघाला तर दरवर्षी मॅमोग्राफी आणि एमआरआय दोन्ही, आणि तेव्हा एमआरआयचा खर्च सार्थकी लागतो.

आणि सगळं स्वच्छ निघालं, जे होण्याची शक्यताच जास्त, तर वर्षाने पुन्हा टोमोसिंथेसिस आणि सोबत सोनोग्राफी, शक्यतो त्याच सेंटरला. आत्ताचे फोटो डायकॉम, म्हणजे मूळ डिजिटल, स्वरूपात सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्या. छापलेली फिल्म किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो तुलनेला चालत नाही, कारण ठिपके बघायला मूळ चित्र मोठं करून बघावं लागतं. मधल्या काळात हाताला गाठ लागली, स्तनाग्र आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्ताळ स्राव आला, तर आधीचा रिपोर्ट कितीही चांगला असो, पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवा.